स्टॉक फोटोग्राफी सुरू करायचीय? लडाखचं तिकीट राहू द्या, आधी ओट्यावर बघा

मोबाईलमध्ये एवढे फोटो पडलेत, त्यातले काही विकले जातील का, हा प्रश्न हल्ली कॅमेरा हातात असलेला जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच. आणि यूट्यूबवर उत्तर देणारेही भरपूर आहेत, झोपेत डॉलर कमवा वगैरे थंबनेल लावून. झोपेत काही होत नाही हे आधी सांगून टाकतो. पण नेटाने केलं तर साइड इन्कम होतं, आणि आपल्याकडे महाराष्ट्रात असे ढीगभर विषय आहेत ज्यांचे धड फोटो स्टॉक साइटवर अजून मिळतच नाहीत.

ज्यांना अगदीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही फोटो शटरस्टॉक, अ‍ॅडोबी स्टॉक, आयस्टॉक, अलामी असल्या साइटवर टाकता, त्यांचे लोक आणि सॉफ्टवेअर तो तपासतात, पास झाला की तो विक्रीला लागतो, मग कुठल्यातरी अ‍ॅड एजन्सीतला डिझायनर, पेपरवाला, बँकेची मार्केटिंग टीम किंवा परदेशातली रेसिपी साइट तो शोधून डाउनलोड करते आणि त्यातला काही वाटा तुम्हाला येतो. फोटो तुमचाच राहतो, विकलं जातं ते वापरायचं लायसन्स, म्हणून एकच फोटो शंभर जणांना विकता येतो. हे ज्याच्या डोक्यात नीट बसतं त्याला पुढचं सगळं सोपं जातं, कारण मग तो "छान फोटो" काढायच्या मागे लागत नाही, समोरच्याला काय लागणार आहे ते काढतो.

पैशाचं आधी बोलून घेऊ

शटरस्टॉकवर जून २०२० पासून सहा लेव्हल आहेत, पहिल्या लेव्हलला १५ टक्के आणि सहाव्या लेव्हलला ४० टक्के. लेव्हल ठरते त्या वर्षात तुमचे किती फोटो गेले त्यावरून, आणि १ जानेवारी उजाडली की सगळे परत पहिल्या लेव्हलवर, मग तुम्ही डिसेंबरात कितीही वर गेलेला असा. मोठं सबस्क्रिप्शन असलेल्या गिऱ्हाइकाने फोटो घेतला तर हातात १० सेंट येऊ शकतात, म्हणजे आठ-नऊ रुपये, त्यात पुण्यात कटिंग पण येत नाही. अ‍ॅडोबी स्टॉकवर फोटोला सरळ ३३ टक्के आणि व्हिडिओला ३५ टक्के, लेव्हल-बिव्हल भानगड नाही. आयस्टॉक गेटी इमेजेस या कंपनीचं आहे, तिथे तुम्ही एक्सक्लुझिव्ह नसाल, म्हणजे फोटो फक्त त्यांनाच द्यायचा करार केला नसेल, तर फोटोला १५ टक्के. गेटी आणि शटरस्टॉक यांनी जानेवारी २०२५ मध्ये एकत्र यायचं जाहीर केलंय, त्यामुळे पुढे दर वगैरे बदलू शकतात, अकाउंट उघडताना त्या दिवशीच्या अटी वाचा.

म्हणजे हिशोब असा की एक फोटो काढला, टाकला आणि श्रीमंत झालो असं नाही. शंभर फोटोंवर काहीच कळत नाही, चार-पाचशे वेगवेगळे आणि कामाचे फोटो झाले की मग कुठे दर महिन्याला काहीतरी यायला लागतं, आणि पहिलं वर्ष तर बहुतेकांचं अ‍ॅडोबीची २५ डॉलरची पैसे काढायची मर्यादा गाठण्यातच जातं. नोकरी सोडून वगैरे करायचं हे काम नाही. लग्नाच्या ऑर्डरी करणाऱ्यांनी ऑफ सीझनला करावं, कॉलेजच्या पोरांनी करावं, ज्यांना घरातून करायचंय त्यांनी तर जरूर करावं.

काय काढायचं (सगळ्यात महत्त्वाचं हेच, निवांत वाचा)

नवीन माणूस पहिल्यांदा काय टाकतो? सूर्यास्त, फुलावरचं फुलपाखरू, मरीन ड्राइव्हचा लाँग एक्स्पोजर, आणि ट्रिपला गेलेला असेल तर पँगाँग लेक. हे सगळं साइटवर लाखोंनी आहे, जगभरच्या भारी भारी लोकांनी काढलेलं, तुमचा फोटो त्यांच्यापेक्षा वाईट असेल असं नाही पण तो सर्चमध्ये वर येणारच नाही.

आता दुसऱ्या बाजूने बघा. मुंबईत एखाद्या बँकेच्या एजन्सीत कोणीतरी फेब्रुवारीत बसलंय आणि तिला गुढीपाडव्याची जाहिरात करायचीय. तिला काय हवंय? व्यवस्थित उभारलेली गुढी, वर तांब्या उलटा, जरीचं वस्त्र, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, आणि उजवीकडे किंवा डावीकडे मोकळी जागा, जिथे ती शुभेच्छांचा मजकूर आणि लोगो टाकेल. मागे वाळत घातलेले कपडे नकोत, डिशची छत्री नको, शेजाऱ्याचा एसी नको. असा फोटो काढायला लडाखला जावं लागत नाही, पण तो काढताना गुढी कशी असते ते माहीत असावं लागतं, आणि ते तुम्हाला माहितीय, युक्रेनमधल्या किंवा थायलंडमधल्या प्रो फोटोग्राफरला नाही. आपला फायदा एवढाच आहे पण तो मोठा आहे.

म्हणून मी नवीन लोकांना सांगतो की पहिले पन्नास फोटो घरातच काढा. भाकरी थापणारे हात, परातीतलं पीठ, तव्यावर फुगलेली भाकरी. पुरणपोळीवर तुपाची धार. तिळगूळ, हलव्याचे दागिने. उकडीच्या मोदकाची कळी पाडताना. मिसळ तर करून बघाच, पण तर्री, फरसाण, कांदा, लिंबू, पाव सगळं दिसेल असं वरून आणि मग एकदा बाजूने. कोकम, आमसुलं, हापूसची पेंढ्यातली पेटी. गोव्यात किंवा तळकोकणात असाल तर काजूची बोंडं.

सण आणि खाणं मात्र सगळ्यांना सुचतं, जरा पुढे जा. रोजचं जगणं जास्त विकलं जातं असं माझं मत. भाजीवाल्या मावशींच्या गाड्यावर क्यूआर कोड स्कॅन करणारं गिऱ्हाईक, नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलणारे आजोबा, बीपी मोजून घेणारी आजी, अभ्यासिकेत पुस्तकांच्या ढिगाऱ्यात बसलेला एमपीएससीवाला, रेनकोट घालून शाळेत निघालेलं पोर, लाईट बिल बघून कपाळाला हात लावलेला माणूस. आरोग्य, पैसा, शिक्षण, म्हातारपण, नोकरी या विषयांवर रोज लेख छापून येतात आणि प्रत्येक लेखाला एक फोटो लागतो. त्यात भारतीय चेहरा, भारतीय घर, खरं वाटणारं घर हवं असतं, पांढराशुभ्र सोफा आणि कोट घातलेलं कुटुंब बघून लोक कंटाळलेत.

गावाकडचे असाल तर तुमची अजून मजा आहे. कांदा चाळ आतून कशी दिसते, द्राक्षबागेत ठिबकची नळी, सोलर पंप, कापूस वेचणी, सांगलीकडची हळद शिजवणं आणि वाळवणं, जळगावची केळी ट्रकमध्ये भरताना, सोयाबीनची मळणी, पाण्याचा टँकर आणि रांगेतले हंडे. कांद्याचे भाव वर गेले किंवा कोसळले की देशभरच्या बातम्यांत फोटो लागतो आणि दरवेळी तोच तो पोत्यांचा फोटो फिरतो, हे तुम्ही पण पाहिलं असेल.

मागणी आहे का हे तपासायची युक्ती साधी आहे. शटरस्टॉक किंवा अ‍ॅडोबीवर जाऊन गिऱ्हाईक म्हणून सर्च करा. पहिल्या दोन पानांवर काय येतं ते बघा, नुसती व्हेक्टर चित्रं (कॉम्प्युटरवर काढलेली) आणि धुरकट फोटो येत असतील तर जागा मोकळी आहे, आणि एकसे एक फोटोंची पानंच्या पानं येत असतील तर तो विषय सोडा किंवा त्यातला एखादा कोपरा पकडा. एखाद्या विषयाचं काहीच नसेल तर मात्र एकदा विचार करा, कधी कधी काही नसतं कारण कोणाला नकोच असतं.

आणि वेळ. सणाचे फोटो सणाच्या दिवशी टाकून उपयोग नाही, डिझायनरचं काम तोवर उरकलेलं असतं. दोन-तीन महिने आधी साइटवर पाहिजेत. म्हणजे दिवाळीचे ऑगस्टच्या आत. या दिवाळीला काढलेले फोटो पुढच्या दिवाळीचे समजायचे, नाहीतर जुलैमध्ये चकल्या तळायची तयारी ठेवा, घरचे काय म्हणतील ते तुमचं तुम्ही बघा.

कॅमेरा कुठला

यावर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि हा सगळ्यात कमी महत्त्वाचा मुद्दा. मोठ्या साइटना किमान ४ मेगापिक्सेल लागतात, ते आजच्या साध्या फोनलाही जमतं. अलामीला जरा जास्त, साधारण ६ च्या पुढे. फोनची अडचण वेगळीच आहे, तो कमी उजेडात आपलं डोकं चालवतो, शार्प करतो, स्किन गुळगुळीत करतो आणि मोठं करून बघितलं की सगळं पेंटिंगसारखं दिसतं. म्हणून फोनने काढायचं तर दिवसा, खिडकीपाशी, आणि ब्यूटी मोड, पोर्ट्रेट मोड बंद.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर सेकंडहँड एंट्री लेव्हल बॉडी आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स, एवढ्यात खाणं, हात, चेहरे, वस्तू सगळं होतं. ट्रायपॉड जरूर घ्या. फ्लॅशचं नंतर बघू.

उजेडासाठी ओट्याशेजारची खिडकी बेस्ट, फक्त ट्यूबलाईट बंद करायला विसरू नका, खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आला की पांढरा भात अर्धा निळा अर्धा हिरवट दिसतो आणि ते नंतर दुरुस्त करताना जीव जातो. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा, सावली मऊ होते. खाली टाकायला स्टेशनरीच्या दुकानातली कार्डशीट, जुना लाकडी पाट, सुती साडी. स्टीलच्या ताटावाट्या शक्यतो टाळा कारण त्यात खिडकी, कॅमेरा आणि तुमचा लाल टीशर्ट सगळं दिसतं, पितळ, कल्हईचं भांडं, माती, केळीचं पान हे बरं पडतं. स्टीलच दाखवायचं असेल तर स्वतः काळे कपडे घाला आणि अँगल बदलत रहा.

एक सेट मांडला की त्यातून दहा-बारा वेगळे फोटो काढायचे: कच्चं सामान, कृती चालू असताना, नुसते हात, तयार पदार्थ वरून, ४५ अंशातून, जवळून, आडवा, उभा, आणि मजकुराला भरपूर मोकळी जागा सोडून. चाळीस सारखे फोटो नाही, ते नंतर "सिमिलर" म्हणून उडवतात.

माणसं, लोगो आणि कागदपत्रं

इथे बहुतेक जण अडकतात. ज्या फोटोत माणूस ओळखू येतो आणि तो फोटो जाहिरातीसाठी विकायचाय त्याला मॉडेल रिलीज लागतं, म्हणजे त्या माणसाची सही असलेला फॉर्म. फॉर्म साइटवरच मिळतात, इंग्रजीतलाच वापरा म्हणजे वाद नको. १८ च्या खालचं मूल असेल तर आई किंवा वडिलांची सही, शिवाय साक्षीदाराची सही, आणि हो, स्वतःचा फोटो स्वतः काढलात तरी स्वतःचं रिलीज भरावं लागतं. सही घेण्याआधी समोरच्याला मराठीत नीट समजावून सांगा की तुमचा चेहरा कुठल्याही जाहिरातीत दिसू शकतो, कर्जाच्या, औषधाच्या, कुठल्याही. शेतातल्या काकांना "काका इथे एक सही करा" म्हणून कागद पुढे करणं मला पटत नाही, त्यांना दोन-चार प्रिंट काढून द्या, जमेल तसे पैसे द्या. काम करणारे हात, पाठमोरी आकृती, चेहरा न दिसणारी फ्रेम असेल तर सहसा रिलीजची गरज पडत नाही, सुरुवातीला हा मार्ग चांगला. पण टॅटू वगैरेवरून माणूस ओळखू येत असेल तर परत तेच.

लोगोचं तर विचारू नका. कुकरवरचं नाव, तेलाची पिशवी, मोबाईलच्या मागचं सफरचंद, बुटावरचे पट्टे, गॅसच्या शेगडीवरचा स्टिकर, सगळं रिजेक्ट होतं. भिंतीवरचं कॅलेंडर आणि देवाची छापील तसबीर पण, कारण ते कुणातरी चित्रकाराचं काम आहे. फोटो काढायच्या आधीच फ्रेममधून हलवा, नंतर एडिटमध्ये पुसत बसणं म्हणजे दुप्पट काम.

गणपतीची मूर्ती हा आपला खास प्रश्न. मूर्ती मूर्तिकाराची कलाकृती असते, त्यामुळे नुसत्या मूर्तीचा क्लोजअप जाहिरातीसाठी टाकला तर साइट प्रॉपर्टी रिलीज, म्हणजे त्या वस्तूच्या मालकाच्या किंवा कलाकाराच्या सहीचा फॉर्म, मागू शकते. ओळखीचा मूर्तिकार असेल तर त्याच्याकडून सही घ्या, किंवा मूर्ती मागे धूसर आणि पुढे आरतीचं तबक, निरांजन, दुर्वा, मोदक असं काढा, सणाचा फील पण येतो आणि कटकट पण नाही. इमारतींबाबत आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा बराच मोकळा आहे, इमारतीचा किंवा सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचा फोटो काढणं त्यात उल्लंघन धरत नाहीत, पण साइट जगभर विकतात म्हणून त्या जास्त कडक असतात. आणि ट्रेडमार्क वेगळा विषय, मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीचा ट्रेडमार्क २०१७ मध्ये झालाय, भारतात असं पहिल्यांदाच झालं, त्यामुळे गेटवेशेजारून काढलेला तो फेमस घुमट जाहिरातीसाठी विकायचा नाद सोडा. पॅरिसचा आयफेल टॉवर दिवसा चालतो, रात्रीचे दिवे चालत नाहीत, तिथे अडचण दिव्यांच्या कॉपीराइटची. किल्ले, लेणी अशा पुरातत्त्व खात्याच्या जागी ट्रायपॉड न्यायचा तर आधी परवानगी विचारा, हातात कॅमेरा धरून काढायला सहसा कोणी अडवत नाही. ड्रोनचं तर उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा नकाशा बघा, मुंबई-पुण्यात विमानतळ आणि लष्करी हद्दींमुळे बराच भाग बंद आहे.

एडिटोरियल म्हणजे सुटकेची वाट

रिलीज नाही, लोगो दिसतोय, गर्दी आहे, तरी फोटो चांगला आहे, मग तो एडिटोरियल म्हणून टाकायचा. असा फोटो बातमी, लेख, पुस्तकं यात वापरता येतो, जाहिरातीत नाही. वारी, विसर्जन मिरवणूक, दहीहंडी, लोकलची गर्दी, मोर्चा, निवडणुकीची सभा, हे सगळं इथेच जातं. अट दोन. एक, फोटोत काही पुसायचं-जोडायचं नाही, उजेड-रंग थोडाफार ठीक. दोन, कॅप्शन ठरलेल्या पद्धतीने, शहर, देश, तारीख आणि मग काय चाललंय ते सरळ शब्दांत. उदाहरणार्थ शटरस्टॉकसाठी इंग्रजीत साधारण असं लिहायचं: पुणे, महाराष्ट्र, इंडिया, सप्टेंबर १७ २०२४, पीपल गॅदर फॉर गणेश इमर्शन प्रोसेशन ऑन अनंत चतुर्दशी. "भक्तीचा महासागर" वगैरे विशेषणं नकोत. तारीख चुकीची नको, कॅमेऱ्याचं घड्याळ आधी नीट लावा.

अ‍ॅडोबीवर एडिटोरियलचा प्रकार वेगळा आहे, तिथे ब्रँड, वस्तू, ठिकाणं चालतात पण ओळखू येणारी माणसं नको असतात, त्यामुळे वारीचे चेहरे शटरस्टॉक किंवा अलामीवर. अलामी मूळ ब्रिटनची साइट, पेपर आणि पुस्तकवाल्यांचं गिऱ्हाईक जास्त, विक्री कमी होते पण झाली की रक्कम बरी असते. वारीत चालणारे जे फोटोग्राफर आहेत त्यांनी अलामी अवश्य बघावं.

एडिटिंग

कमी करा. इन्स्टाग्रामवर जे भारी दिसतं ते इथे चालत नाही, टील-ऑरेंज, जड एचडीआर, विनेट हे सगळं डिझायनरला नकोच असतं, तो त्याचं त्याचं करतो. शक्यतो रॉ मध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, क्षितिज सरळ, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके पुसा, बास. मग १०० टक्के झूम करून पूर्ण फोटो फिरून बघा, फोकस बरोब्बर जिथे हवा तिथे आहे का, सावलीत दाणे दिसतात का, फांद्यांच्या कडेला जांभळी रेघ आलीय का. साइटवरचे तपासणारे असंच बघतात. सेव्ह करताना रंगांची सेटिंग एसआरजीबी, जेपेग, सगळ्यात वरची क्वालिटी, आणि छोटा फोटो ताणून मोठा करायचा नाही.

लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरचे पैसे नसतील तर डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत, पायरेटेड कॉपीच्या मागे लागू नका.

कीवर्ड, कंटाळवाणे पण पैसे इथेच आहेत

फोटो कितीही चांगला असो, कोणी शोधला आणि सापडला नाही तर विषय संपला. शटरस्टॉक ५० पर्यंत कीवर्ड (म्हणजे फोटो ज्यावरून सापडतो ते शब्द) घेतं, किमान ७ लागतात, अ‍ॅडोबी ४९ घेतं आणि अ‍ॅडोबीवर पहिले दहा सगळ्यात महत्त्वाचे, त्यामुळे तिथे क्रम लावून लिहा.

उकडीच्या मोदकाचा फोटो धरा. नवीन माणूस लिहितो मोदक, गणेश, फूड, इंडिया, टेस्टी, ब्यूटिफुल. ब्यूटिफुल कोणी शोधत नाही हो! आधी आपलं नाव: मोदक, उकडीचे मोदक. मग ज्याला मोदक माहीत नाही तो काय टाइप करेल: स्टीम्ड डंपलिंग, स्वीट डंपलिंग, राइस फ्लोअर, कोकोनट, जॅगरी. मग प्रसंग: गणेश चतुर्थी, फेस्टिव्हल, प्रसाद, ऑफरिंग. मग ठिकाण: महाराष्ट्रीयन, इंडियन, ट्रॅडिशनल. मग फोटोत दिसतं ते: बनाना लीफ, ब्रास प्लेट, टॉप व्ह्यू, कॉपी स्पेस, हँड. इथपर्यंत आरामात तीस होतात, ओढूनताणून पन्नास करायची गरज नाही. स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार असतील तर खरे वापरात असलेले टाका. झाडं, फुलं, पक्षी असतील तर शास्त्रीय नाव टाकाच, कास पठारावरची फुलं विकायची तर नुसतं "पर्पल फ्लॉवर" लिहून काय होणार. फोटोत नसलेलं मात्र टाकू नका, ट्रेंडिंग म्हणून दिवाळी घुसवली की सर्चमध्ये फोटो दिसतो, कोणी घेत नाही, आणि हळूहळू तो खाली जातो.

टायटल म्हणजे एक साधं वाक्य, कोण, काय, कुठे. हे सगळं फोटोच्या फाइलमध्येच भरून ठेवा, लाइटरूम, ब्रिज, फुकटातलं डिजिकॅम किंवा एक्सपिक्स यातून होतं, म्हणजे एकदा लिहिलं की प्रत्येक साइटवर परत टाइप करायला नको.

कुठे टाकायचं

सुरुवातीला दोनच साइट घ्या, अ‍ॅडोबी आणि शटरस्टॉक. पाच-सहा ठिकाणी एकदम अकाउंट उघडलं की अपलोडच करत बसता आणि फोटो काढायचे राहतात. जम बसला की आयस्टॉक, अलामी, ड्रीम्सटाइम वगैरे. एक्सक्लुझिव्ह करार करताना दहादा विचार करा, नवीन असताना तर नकोच. आणि तोच फोटो अनस्प्लॅश किंवा पेक्सेल्सवर फुकट टाकून इथे विकायची अपेक्षा ठेवू नका, गिऱ्हाईक एवढं येडं नसतं.

एआयने बनवलेल्या चित्रांचं सगळे विचारतात. अ‍ॅडोबी घेतं, पण जनरेटिव्ह एआय असा खूण करायचा बॉक्स टिक करावा लागतो, गेटी-आयस्टॉक आणि शटरस्टॉक तुमच्याकडून असली चित्रं घेत नाहीत. एआयमुळे साध्या कल्पनांच्या फोटोंची विक्री मार खातेय हे खरंय, हात मिळवणारे दोन कोटवाले आता कोणीही बनवतो. पण एआयला गुढी काढायला सांगून बघा एकदा. तांब्या सरळ असतो, कडुलिंबाच्या जागी कुठलीतरी पानं, आणि बातमीला तर खऱ्या जागेचा खऱ्या तारखेचा फोटोच लागतो.

रिजेक्शन येणार, सगळ्यांना येतात. फोकस, नॉइज, लोगो, सिमिलर, चुकीचं कॅप्शन, बहुतेक कारणं यातलीच. फोकस म्हटलं असेल तर फोटो सोडून द्या, लोगो किंवा कॅप्शन असेल तर सुधारून परत पाठवा. त्याच फाइल तशाच परत परत ढकलणारे पण असतात, तसं करू नका, अकाउंटवर परिणाम होतो.

पैसे घरी कसे येतात

पेपाल किंवा पेओनिअर, या परदेशातून पैसे घ्यायच्या ऑनलाइन सेवा. भारतातल्या पेपालमध्ये पैसे साठवून ठेवता येत नाहीत, ते आपोआप बँकेत जातात, त्यामुळे बँक खातं आधीच जोडून ठेवा. नाव पॅनवर आहे तसंच सगळीकडे, स्पेलिंगसकट, मधलं वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि एकीकडे नाही असं झालं की पेमेंट अडकतं आणि मग ईमेलवर ईमेल.

साइट अमेरिकन असल्यामुळे टॅक्सचा डब्ल्यू-८बेन फॉर्म भरायचा, अकाउंटमध्येच ऑनलाइन असतो, दहा मिनिटांचं काम. टॅक्स नंबरच्या जागी पॅन. हा न भरता बसलात तर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांकडून आलेल्या रॉयल्टीवर ३० टक्के कापतात, भरून भारत-अमेरिका कराराचा फायदा मागितला की १५ टक्के. फॉर्म कायमचा नसतो, सही केलेलं वर्ष आणि त्यापुढची तीन कॅलेंडर वर्षं, मग परत भरायचा, साइट मेल पाठवते तो स्पॅममध्ये जातो म्हणून मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा. हे उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये पण दाखवायचं असतं, तिकडे कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं पण त्यासाठी वेगळा फॉर्म असतो आणि तो वेळेत भरावा लागतो, म्हणून सीएला मार्चमध्ये घाईघाईत सांगण्यापेक्षा पहिलं पेमेंट आलं की लगेच सांगा, आणि साइटवरून वर्षाचं टॅक्स स्टेटमेंट डाउनलोड करून त्याला पाठवून द्या.

पहिले सहा महिने रोज डॅशबोर्ड उघडून बघायची सवय लावून घेऊ नका. महिन्यातून एकदा बसा, कुठला फोटो गेला, कुठल्या देशात गेला, ते एका वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहा, आणि जो गेला त्याचीच भावंडं काढा. बीपी मोजणारी आजी विकली गेली तर पुढे आजी गोळ्यांचा डबा भरताना, आजी डॉक्टरशी व्हिडिओवर बोलताना, आजी सकाळी बागेत चालताना, सगळीकडे तीच आजी, फक्त प्रत्येक शूटची तारीख फॉर्मवर बरोबर आहे ना ते बघा, काही साइट प्रत्येक शूटला नवीन फॉर्म मागतात.